‘फायनल किती?’ : जुन्या वस्तूंच्या विक्रीचे एक विवेचन

मराठी मध्यमवर्गीय घरातून जुनी वस्तू बाहेर पडण्याचे मार्ग परंपरेने तीन मानले गेले आहेत : ती माळ्यावर जाते, ती गावी जाते, किंवा कामाला येणाऱ्या मावशींना ‘लागत असेल तर घेऊन जा’ अशा शब्दांत ती देऊ केली जाते. यांपैकी पहिला मार्ग बाहेर पडण्याचा नसून केवळ दृष्टीआड होण्याचा आहे. दुसऱ्या मार्गाने गेलेली वस्तू पुढच्या दिवाळीला ‘तिथं पडूनच होती’ या शेऱ्यासह परत येऊ शकते. आणि तिसऱ्या मार्गात, ‘आमच्याकडं याच्यापेक्षा मोठा हाय’ असे सांगून मावशींनीच वस्तू नाकारण्याची शक्यता अलीकडे बरीच वाढली आहे. या तिन्ही मार्गांची कोंडी झाल्यावर जो चौथा मार्ग उरतो, म्हणजे वस्तूचे छायाचित्र काढून ते मोबाइलवरून अनोळखी जगापुढे ठेवणे आणि त्या जगातून कोणीतरी पैसे घेऊन दाराशी येईल अशी वाट पाहणे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जुने विकणे हा उद्योग अर्थातच मोबाइलच्या फार आधीचा आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत भेंडीबाजाराच्या परिसरातील मटन स्ट्रीटवरचा चोरबाजार, आणि ज्याचा किलो दशमान पद्धतीच्या किलोहून किंचित मोठा असतो असा गृहिणींचा पिढीजात सिद्धांत आहे तो रद्दीवाला, ही सर्व या उद्योगाची मान्यताप्राप्त पीठे होत. त्यांतही सर्वांत प्रगत व्यवहारशास्त्र बोहारणीचे होते. बोहारीण म्हणजे जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी फिरती व्यापारी स्त्री. ती दाराशी बसून प्रत्येक शर्ट उलगडून त्याची कॉलर उजेडात धरी, घरधनिणीला त्या घरात वर्षानुवर्षे कसले फाटके कपडे वापरले जात होते याची जाहीर जाणीव करून देई, एका पातेल्यासाठी आणखी दोन पँटी आणि ‘एखादी बरी साडी’ मागे, आणि बोलणे अडले की पाटी डोक्यावर घेऊन जिना उतरू लागे. जिना उतरू लागणे हे तिचे अंतिम अस्त्र होते, तिला परत न बोलावणे हे घरधनिणीचे, आणि यांपैकी कोणते अस्त्र आधी निकामी होते यावर पातेल्याचा आकार ठरत असे. या व्यवहारात एकमेकींवर विश्वास अजिबात नसे आणि फसवणूकही जवळजवळ नसे, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२००६ साली स्थापन झालेली ओएलएक्स ही कंपनी ‘बेच दे’ या दोन शब्दांनिशी भारतीय घरांत शिरली, २००८ साली क्विकर आली, आणि पुढे फेसबुकनेही आपले मार्केटप्लेस उघडले. या सर्वांनी मिळून जुना बाजार खिशात आणला आणि जिना मात्र काढून टाकला.

विक्रीतील पहिली अडचण घरातच बसलेली असते आणि किंमत ठरवताना ती उठून उभी राहते. मालकीची वस्तू मालकाला परक्या माणसापेक्षा अधिक मोलाची वाटते, या प्रवृत्तीकडे अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० साली लक्ष वेधले. तिला मराठीत मालकीमोह म्हणता येईल. पुढे १९९० साली डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि थेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देण्यात आले, काहींना देण्यात आले नाहीत, आणि असे आढळले की मग मिळालेले विद्यार्थी तो विकण्यासाठी जी किंमत मागत होते ती इतरांच्या देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. हे मग विद्यार्थ्यांच्या हाती आल्याला फारसा वेळही झालेला नव्हता. ज्या लोखंडी कपाटात लग्नातला शालू, विम्याच्या पॉलिसी, मुलांच्या गुणपत्रिका आणि कोणाचे आहेत हे कोणालाच न आठवणारे चांदीचे दोन पेले अनेक वर्षे नांदले, त्याच्याबाबतीत हे गुणोत्तर दुपटीवर थांबेल अशी अपेक्षा कोणत्याही शास्त्राने करू नये. कुटुंबप्रमुख अशा वेळी मूळ बिल शोधून काढतो, त्यावरील रकमेत तेव्हाच्या रुपयाची किंमत मिळवतो, ‘आता असा पत्रा येत नाही’ या वाक्याचे काही हजार मिळवतो, आणि जी संख्या हाती येते ती पाहून ते कपाट विकण्याऐवजी बँकेत तारण ठेवावे असा विचार त्याच्या मनात येऊन जातो. कुटुंबातील तरुण पिढी तेच कपाट भंगाराच्या भावाने मोजते. जाहिरातीत अखेर जी किंमत छापली जाते ती या दोन पिढ्यांमधील तहाची रक्कम असते, तिचा बाजाराशी संबंध नसतो.

जाहिरातीचा मजकूर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ‘नव्यासारखे’, ‘एकहाती वापरलेले’ आणि ‘फारसे न वापरलेले’ हे या वाङ्मयप्रकारातील तीन स्थायीभाव असून, त्यांतील तिसरा फक्त घरात धावण्याच्या यंत्राबाबत निर्विवाद सत्य असतो; कारण ट्रेडमिल नावाची ही वस्तू पहिल्या पंधरवड्यानंतर ओले टॉवेल वाळत घालण्याच्या कामी येते आणि तिचा पट्टा, विक्रेता शपथेवर सांगतो त्याप्रमाणे, खरोखरच झिजलेला नसतो. छायाचित्रांविषयी एवढेच नोंदवावे की आरसा असलेल्या कपाटाचे छायाचित्र घेताना छायाचित्रकार बनियनवर नसेल याची खात्री करून घेणे इष्ट असते, आणि ती बहुधा घेतली जात नाही.

परंतु मजकुरातील सर्वांत कष्टाचे वाक्य हे विकण्याच्या कारणाचे असते, आणि ते का द्यावे लागते याचे उत्तर अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दिले. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्यांनी असे दाखवले की मोटारीतील खोड विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, त्यामुळे घेणारा प्रत्येक मोटारीत खोड आहे असे धरूनच भाव करतो, तो भाव चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही म्हणून तो बाजारातून निघून जातो, आणि बाजारात खोडीच्या मोटारीच उरतात. माहितीच्या या विषमतेवर मराठी जाहिरातदाराने अकरलॉफ यांच्या कितीतरी आधी तोडगा काढला होता आणि तो एका शब्दात मावत असे : ‘बदलीमुळे विकणे आहे’. बदली ही सरकार करते, तिच्यात वस्तूचा दोष नसतो आणि मालकाचाही नसतो, आणि बदली झालेला माणूस घाईत असल्याने भाव उतरण्याची शक्यता असते. घेणाऱ्याच्या सर्व शंकांचे निरसन करणारा एवढा गुणी शब्द दुसरा नाही. म्हणूनच ज्यांची बदली सोडाच, ज्यांची नोकरीही केव्हाच संपली आहे, असे निवृत्त गृहस्थही तो निर्धास्तपणे वापरतात. हाच शब्द काही परिच्छेदांनंतर उलट्या दिशेने येऊन त्यांच्या दारावर थाप मारणार आहे.

जाहिरात प्रसिद्ध होताच जे लोक संपर्क साधतात त्यांना सरसकट ग्राहक म्हणणे शास्त्रशुद्ध होणार नाही. त्यांतील बहुसंख्य हे उपलब्धतावादी असतात. ‘हे उपलब्ध आहे का?’ हा प्रश्न मार्केटप्लेसवर आधीच लिहून ठेवलेला असतो आणि तो पाठवण्यासाठी केवळ बोट टेकवावे लागते. त्यामुळे तो विचारणाऱ्याला वस्तू हवी असते असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. विक्रेता ‘हो, आहे, कधी येता बघायला?’ असे उत्साहाने उत्तर देतो आणि त्यापुढे शांतता पसरते, जणू वस्तू अजून जगात आहे एवढे कळण्यानेच विचारणाऱ्याचे समाधान झालेले असते. दुसरा पंथ अंतिमवाद्यांचा. ‘फायनल किती?’ हा त्यांचा पहिला आणि अनेकदा एकमेव प्रश्न असतो, आणि त्यामागे अशी श्रद्धा असते की जाहिरातीत दिसणारी किंमत ही माया असून तिच्यामागे एक खरी, निर्गुण, लहान किंमत दडलेली आहे. विक्रेत्याने ‘साडेचार लिहिलंय ना’ असे उत्तर दिले तर ‘ते कळलं, फायनल सांगा’ असा प्रतिप्रश्न येतो. त्याने चार म्हटले तर चार ही आता सुरुवातीची किंमत ठरते आणि तिचीही फायनल विचारली जाते. काही विनिमयवादीही असतात, जे फ्रिजच्या बदल्यात गिटार आणि वर थोडे पैसे देऊ इच्छितात. गिटारला तारा किती आहेत हे विचारल्यावर ते दुखावतात.

प्रत्यक्ष घरी येणारा ग्राहक ही या सर्वांच्या पलीकडची अवस्था आहे. तो रविवारी येतो म्हणून सांगतो आणि मंगळवारी रात्री जेवणाच्या वेळी येतो. येताना एक जाणकार घेऊन येतो, ज्याच्या जाणकारीचे क्षेत्र अखेरपर्यंत अज्ञात राहते. सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्याशी वाद घालून वर येतो आणि पहिले वाक्य ‘लिफ्ट नाही का?’ हे बोलतो. जाणकार कपाटाला टिचक्या मारतो, दार तीनदा उघडून तीनदा लावतो, खाली वाकून पाय तपासतो आणि उठताना जो सुस्कारा सोडतो त्याची किंमत विक्रेत्याला किमान पाचशे रुपये पडते. ‘काका, गंज धरलाय हो इथे.’ ‘अहो, तो गंज नाही, उदबत्तीचा डाग आहे.’ ‘काका, डाग असा खरवडून निघत नाही.’ एव्हाना घरातील काकू चहा ठेवतात, ज्यामुळे वाटाघाटींतील विक्रेत्याची बाजू लगेच कमकुवत होते, कारण ज्याला चहा दिला त्याला आल्या पावली परत पाठवणे अवघड असते. मग दोन हजारांची मागणी येते, विक्रेता कपाटाच्या वतीने अपमानित होतो, ‘त्यापेक्षा आम्ही फुकट देऊ कोणाला तरी’ असे म्हणतो, ग्राहक ‘मग आम्हालाच द्या ना काका’ असे म्हणतो, आणि तास-दीड तासानंतर ‘मिसेसला फोटो दाखवतो आणि सांगतो’ या वाक्यावर बैठक स्थगित होते. विसार द्यावा, म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून थोडी रक्कम आधी हातावर ठेवावी, असे विक्रेत्याने सुचवल्यास हा ग्राहक खिसे चाचपतो आणि जाणकाराकडे बघतो. जाणकार खिडकीबाहेर बघत असतो.

अशा दोनचार बैठकांनंतर विक्रेत्याच्या मनाची जी अवस्था होते तिच्यातच आदर्श ग्राहकाचा फोन येतो. तो ‘सर’ म्हणतो. त्याला गंजाविषयी, लिफ्टविषयी, मूळ बिलाविषयी काहीही विचारावयाचे नसते. जाहिरात येऊन दहा मिनिटे झालेली असतात आणि त्याला वस्तू पसंत असते. किंमत? जी लिहिली आहे ती. फायनल हा शब्द तो उच्चारतही नाही. तो सैन्यात किंवा निमलष्करी दलात असतो, त्याची नुकतीच या शहरात बदली झालेली असते, तो तळावरून बाहेर पडू शकत नसल्यामुळे वस्तू न्यायला गाडी येणार असते आणि पैसे तो आत्ताच पाठवणार असतो. शंका येऊ नये म्हणून तो गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर आपणहून पाठवतो. ज्या विक्रेत्याने स्वतःच्या जाहिरातीत बदलीचे खोटे कारण लिहिलेले असते तोच हे बदलीचे कारण डोळे मिटून खरे मानतो, आणि घरात जाहीर करतो की इतक्या दिवसांत पहिला सभ्य माणूस भेटला. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकींवर काढलेल्या पुस्तिकेत या सभ्य माणसाचे वर्णन आहे : ऑनलाइन विक्रीच्या मंचावर तो खरेदीदार म्हणून येतो आणि अनेकदा स्वतःला संरक्षण दलातील कर्मचारी म्हणवतो. याच बँकेने सामान्यांसाठी ‘राजू आणि चाळीस चोर’ या नावाची चित्रमय गोष्टींची पुस्तिकाही काढली. देशाच्या मध्यवर्ती बँकेवर गोष्टी सांगण्याची पाळी आली यावरून प्रकरणाचे गांभीर्य ध्यानात यावे.

पुढील प्रक्रिया समजण्यासाठी दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. क्यूआर कोड म्हणजे काळ्यापांढऱ्या चौकोनांची ती नक्षी, जी १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी जन्मली आणि आता भाजीच्या गाडीवर कोथिंबिरीच्या जुडीला टेकवून ठेवलेली दिसते. यूपीआय ही बँक खात्यातून बँक खात्यात तत्काळ पैसे पाठवण्याची व्यवस्था एनपीसीआय या संस्थेने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केली. या व्यवस्थेचा एक नियम इतका साधा आहे की तो सांगताना संकोच वाटावा : कोड स्कॅन करणे आणि पिन टाकणे या दोन्ही कृती पैसे देणाऱ्याने करावयाच्या असतात, पैसे येण्यासाठी घेणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. सभ्य माणसाचे सारे कौशल्य या नियमाचा विसर पाडण्यात असते. तो प्रथम एक रुपया, किंवा पाच-दहा रुपये, खरोखरच पाठवतो, आणि ते आल्याचा टुणकन आवाज होताच विक्रेत्याच्या मनातील उरलासुरला संशय विरघळतो. मग तो एक कोड पाठवतो, ‘आमचे खाते लष्करी असल्यामुळे पद्धत थोडी वेगळी आहे’ असे सांगतो, आणि पैसे ‘स्वीकारण्यासाठी’ पिन टाकावयास लावतो. खात्यातून साडेचार हजार जातात. तो घाबरत नाही; विक्रेताच घाबरतो, आणि सभ्य माणूस त्याला धीर देतो, ‘सर, चूक झाली, दुसरा कोड पाठवतो, त्यातून नऊ हजार एकदम परत येतील.’ देशाच्या राजधानीतील एका अत्यंत वजनदार राजकीय घरातही २०२१ साली जुना सोफा विकताना नेमके असेच घडले आणि पहिल्या कोडापाठोपाठ दुसराही स्कॅन झाला. तेव्हा याचा संबंध अक्कल कमी असण्याशी जोडणारे लोक स्वतःचा सोफा अजून विकावयास बसलेले नाहीत, एवढेच म्हणता येते.

कोड न पाठवता थेट ‘एवढे पैसे द्या’ अशी मागणी समोरच्याच्या मोबाइलवर धाडण्याची सोयही यूपीआयमध्ये होती, आणि तिचा याच कामी इतका उपयोग होऊ लागला की दोन व्यक्तींमधील अशा मागण्या १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आल्या. अन्य प्रकार थोडक्यात सांगता येतील. कोणी पैसे पाठवल्याचे बनावट चित्र धाडतो; कोणी बँकेच्या संदेशासारखा दिसणारा संदेश पाठवून ‘चार हजारांऐवजी चुकून चाळीस हजार गेले, जास्तीचे परत करा, आई दवाखान्यात आहे’ असे रडवेल्या आवाजात सांगतो; कोणी व्यवहार सोपा व्हावा म्हणून एनीडेस्कसारखे, म्हणजे दूर बसून दुसऱ्याच्या मोबाइलचा पडदा पाहू आणि हाताळू देणारे, अ‍ॅप उतरवून घ्यावयास सांगतो, ज्याविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. या सर्वांवरचा उपाय एकच आणि अत्यंत रुक्ष आहे : स्वतःच्या बँकेचे अ‍ॅप स्वतः उघडून शिल्लक वाढली आहे का हे पाहणे, आणि ती वाढेपर्यंत वस्तू, पिन आणि सहानुभूती यांपैकी काहीही न देणे.

येथे एक मूलभूत प्रश्न उद्भवतो. खऱ्या ग्राहकाला खोट्यापासून वेगळे ओळखावे कसे? १९७३ साली अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी नोकरीच्या बाजाराचा विचार करताना असे मांडले की एखाद्या खुणेवर विश्वास ठेवणे तेव्हाच शहाणपणाचे असते, जेव्हा ती खूण मिळवणे खऱ्याला परवडते आणि खोट्याला महाग पडते. २००१ साली अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. हा सिद्धांत मराठी दिवाणखान्याला लावला असता असे दिसते की गणवेशातील छायाचित्र, ओळखपत्र, ‘सर’ हे संबोधन आणि मागितलेली किंमत कबूल करणे या सर्व खुणा चोराला फुकट पडतात, कारण जे पैसे द्यावयाचेच नाहीत ते कमी करून घेण्यात त्याला स्वारस्य असण्याचे कारण नाही. याउलट मंगळवारी रात्री मीटरची टेप घेऊन तीन जिने चढणे, गंज की डाग यावर वाद घालणे, जाणकाराला पेट्रोल घालून सोबत आणणे, दोनशे रुपयांसाठी दीड तास बसणे आणि तरीही निर्णय न घेणे, हे सारे श्रमाचे काम आहे, आणि एकाच दुपारी अनेकांना टोपी घालावयाची असलेल्या माणसाला ते परवडणारे नाही. घासाघीस हा सचोटीचा दाखला आहे. जो ग्राहक वस्तूचा अपमान करतो त्याला ती घ्यावयाची असते. जो तिच्या प्रेमात पडतो त्याला विक्रेत्याचे खाते हवे असते. बोहारणीने कॉलर उजेडात धरली तेव्हा ती घरधनिणीला नकळत हेच प्रमाणपत्र देत होती.

या सिद्धांताचे काही अनिष्ट परिणाम होतात हे मान्य केले पाहिजे. घासाघीस न करणारी सरळ माणसे जगात आहेत, आणि अशा एखाद्या गृहस्थाने ‘चार म्हणता? बरं, चार’ असे उत्तर दिल्यास विक्रेत्याच्या कपाळावर आठ्या पडतात व तो फोन ठेवून देतो. ज्या खऱ्या जवानाची खरोखर बदली झाली आहे आणि ज्याला खरोखर एक कपाट हवे आहे, त्याने तर आपण किराणा दुकान चालवतो असे सांगणे अधिक सोयीचे ठरावे. अशा सज्जनांनी, केवळ औपचारिकता म्हणून, निदान शंभर रुपये तरी कमी करावयास सांगावे आणि दाराला एखादी टिचकी मारावी.

फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा, कारण गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात आणि ते वाटेत गोठवता आले तर येतात. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, अर्थात तो सापडल्यास. योगायोगाचा भाग असा की भारतात माल कसा विकावा हे सांगणारा माल विक्री अधिनियमही १९३० सालचाच असून, त्याच्या १६व्या कलमामागील मूळ तत्त्व, काही अपवाद सोडता, घेणाऱ्याने स्वतः डोळे उघडे ठेवून माल तपासावा हे आहे. कायदा करणाऱ्यांनी सर्व काळजी घेणाऱ्याची वाहिली. विकणाऱ्याने आपलेच कपाट विकताना डोळे उघडे ठेवावेत असे लिहून ठेवण्याची गरज त्यांना भासली नाही, यात त्यांचा दोष नाही.

वाहनांच्या विक्रीत संकट निराळ्या दिशेने येते : पैसे मिळतात, गाडी जाते, आणि मालकी मागेच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवावयाचे असते, फॉर्म २९ आणि ३० भरावयाचे असतात, आणि ‘करतो हो काका नावावर, पुढच्या आठवड्यात’ या आश्वासनाला त्या फॉर्मांचा दर्जा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात, हातोहात विकत गेलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाई ज्याचे नाव नोंदणीत राहिले होते त्या मूळ मालकावरच टाकली. भरपाईपर्यंत मजल गेली नाही तरी, आयुष्यात कधी न पाहिलेल्या गावातील सिग्नल तोडल्याचे चलान वयाच्या सत्तरीत मोबाइलवर येऊ शकते, त्यासोबत आपल्या जुन्या स्कूटरवर तीन अनोळखी तरुण बसलेले असल्याचे छायाचित्रही येते, आणि त्यांपैकी एकानेही हेल्मेट घातलेले नसते.

सर्व उपाय थकल्यावर विक्रेता किंमत खोडून तेथे ‘फुकट, येऊन घेऊन जावे’ असे लिहितो आणि आता तरी सुटका होईल असे मानतो. अकरलॉफ यांचे विवेचन ज्याने समजून घेतले आहे त्याला पुढील घटनाक्रमाचे आश्चर्य वाटणार नाही. साडेचार हजारांच्या कपाटाकडे ज्यांनी ढुंकून पाहिले नव्हते ते आता मोठ्या संख्येने विचारू लागतात, आणि त्यांचा प्रश्न ‘फुकट का? काय प्रॉब्लेम आहे?’ हा असतो. वाळवी आहे का, ढेकूण आहेत का, घरात काही घडले होते का, याची चौकशी होते. एक जण टेम्पोचे भाडे कोण देणार असे विचारतो. दुसरा कपाट घरपोच मिळेल का आणि मिळत असल्यास किल्लीची दुसरी प्रत आहे का असे विचारतो. तिसरा, सवयीने, फायनल किती असे विचारतो. अखेर भंगारवाल्याला बोलावले जाते. तो कपाटाला टिचकी मारत नाही, गंज पाहत नाही, हाताने किंचित कलंडवून वजनाचा अंदाज घेतो आणि एक आकडा सांगतो. मग तीन जिने उतरवण्याच्या दोन माणसांच्या मजुरीचा दुसरा आकडा सांगतो, जो पहिल्यापेक्षा थोडा मोठा असतो. आणि फरकाचे पैसे काका रोख देणार की स्कॅन करणार, असे अदबीने विचारतो.